कोऱ्या कागदावरची मोहोर

1481 सालच्या एप्रिलमध्ये बहमनी सुलतान तिसरा महंमदशहा कोंडपल्लीच्या छावणीत होता. त्याने आपल्या वजिराला विचारले, धन्याशी बेइमानी करणाऱ्याला काय शिक्षा द्यावी? देहदंड, असे महमूद गावानने सांगितले. लगेच त्याच्यापुढे एक पत्र टाकण्यात आले. ओरिसाच्या राजाला स्वारीचे आवतण देणारा मजकूर, आणि त्यावर खुद्द गावानची मोहोर. मोहोर माझी आहे, मजकूर माझा नाही, असे तो म्हणाला. सत्तरीतल्या त्या माणसाचे डोके तिथेच उडवले गेले.

त्याच्या वैऱ्यांनी मोहोर सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला होता. सुलतानाला हे कळले तेव्हा उशीर झाला होता. वर्षभरात, तिशीही न गाठता, तोही गेला.

गावान इराणातल्या गिलानचा. 1453 मध्ये व्यापारी म्हणून दाभोळ बंदरात उतरला आणि राजधानी बिदरला येऊन वजिरीपर्यंत चढला. 1472 मध्ये त्याने गोवा घेतला, त्याच साली बिदरचा मदरसा पुरा झाला. पण त्याचे खरे मोठे काम कागदावरचे होते. राज्याच्या चार तरफा, म्हणजे सुभे, फार मोठ्या होत्या. त्याने त्यांच्या आठ केल्या. वऱ्हाडातून गाविलगड आणि माहूर निघाले, दौलताबादेतून जुन्नर वेगळे झाले. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर सुलतानाचे किल्लेदार नेमले. जमिनीची मोजणी सुरू केली. सरदारांच्या हे जिव्हारी लागले. त्यातच दरबारात दखनी आणि आफाकी, म्हणजे इथले आणि समुद्रापलीकडून आलेले, अशी जुनी दुफळी पडलेली होती. याच वैरापायी गावानच्या आधी, शतकाच्या मध्यास, पुण्याजवळच्या चाकणला आफाकींची कत्तल झाली होती.

राजे दुबळे निघाले म्हणून बहमनी राज्य बुडाले, असे नेहमी सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. 1482 मध्ये गादीवर बसलेला महमूदशहा बारा वर्षांचा पोर होता, पण पोरवयाचा सुलतान दख्खनला नवा नव्हता. त्याच्या आधी होऊन गेलेला बहमनी सुलतान निजामशहा तर आठ वर्षांचा असताना गादीवर बसला होता. तेव्हा राजमाता आणि गावान यांनी राज्य तोलून धरले. आता तोलणाराच मारला गेला होता. गावानच्या हत्येनंतर यूसुफ आदिलखानासारखे सरदार राजधानीत पाय ठेवायला तयार नव्हते. बाहेरच तळ देऊन दुरूनच मुजरा करायचे. एवढ्या निष्ठावंताची ही गत झाली, तर आपला भरवसा काय, हा त्यांचा हिशेब चूक नव्हता.

गावानविरुद्धच्या कटात मलिक हसन पुढे होता. मूळ पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातला, लढाईत पकडून बिदरला आणलेला हा माणूस आता कारभारी झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद जुन्नरला आला, तेव्हा शिवनेरीच्या शिबंदीने सुलतान अजून अज्ञान आहे म्हणून किल्ला द्यायला नकार दिला. अहमदने वेढा घालून तो घेतला. आत मुलखाचा पाच वर्षांचा वसूल साठलेला होता, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. त्या पैशावर चावंड, लोहगड, तुंग, तिकोना, कोंढाणा, पुरंदर एकामागून एक पडले. एका तरफदाराला एक किल्ला हा गावानचा नियम सह्याद्रीत असा मोडीत निघाला. पुढे खुद्द मलिक हसन बिदरमध्ये मारला गेला. 1490 मध्ये अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा धुव्वा उडवला आणि काही वर्षांनी तिथेच अहमदनगर वसवले. त्याच सुमारास विजापूरला आदिलशाही आणि वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली. गोवळकोंड्याची कुतुबशाही मागाहून आली.

बिदरमध्ये कारभारी बनलेल्या बरीद बापलेकांनी सुलतानाला महालातच कोंडले. महमूदशहाची गादी कागदोपत्री छत्तीस वर्षे टिकली. पूर्वजांचे प्रसिद्ध फिरोजा तख्त मोडून त्याने त्यातल्या रत्नांचे प्याले करवले, असे फिरिश्ता सांगतो. 1518 नंतर आणखी चार सुलतान झाले. त्यांतल्या शेवटच्याने, कलीमुल्लाने, पानिपत जिंकलेल्या बाबराला गुप्तपणे लिहिले, मला सोडवा, मी वऱ्हाड आणि दौलताबाद देईन. खरे तर हे दोन्ही मुलूख तेव्हा त्याच्या हातात नव्हतेच. बाबराकडून मदत आली नाही. बातमी फुटली आणि कलीमुल्ला आधी विजापूरला, तिथून अहमदनगरला पळाला. बुरहान निजामशहाने त्याला मानाने ठेवून घेतले, आणि तो तिथेच वारला. बुरहान हा मलिक हसनाचा नातू.