मुरूम आणि आहार

मुरूम किंवा तारुण्यपीटिका हा त्वचेतील तैलग्रंथी व केशकूप यांचा दाहयुक्त विकार आहे. तो प्रामुख्याने पौगंडावस्थेत चेहरा, छाती व पाठ या भागांवर आढळतो. रक्तातील साखर वेगाने वाढवणाऱ्या आहाराचा मुरुमांशी संबंध असल्याचे काही संशोधनांतून दिसते. मात्र केवळ पथ्याने मुरूम बरे होतात, असे सिद्ध झालेले नाही.

कारणमीमांसा

अँड्रोजन संप्रेरकांच्या प्रभावाने तैलग्रंथींतून अधिक तेलकट स्राव पाझरतो. मृत पेशी साचून केशकूपाचे तोंड बंद होते, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू वाढतात आणि दाह निर्माण होतो. साखर, मैदा व गोड पेये यांच्या अतिसेवनाने रक्तातील इन्सुलिन वाढते. त्याबरोबर इन्सुलिनसदृश वृद्धिघटकाची क्रियाही वाढून तैलग्रंथी अधिक स्रवतात, असे मानले जाते.

संशोधन

१९६९ मध्ये अमेरिकेत फुल्टन, प्लेविग व क्लिगमन यांनी ६५ व्यक्तींवर प्रयोग करून चॉकलेटमुळे मुरूम वाढत नाहीत, असा निष्कर्ष काढला. तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व स्निग्धांश जवळपास तितकेच असल्याने या प्रयोगावर पुढे टीका झाली.

२००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन व सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील १,२०० रहिवासी आणि पराग्वेतील आचे जमातीच्या ११५ व्यक्ती यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात एकालाही मुरूम आढळले नाहीत. मात्र अशा पाहणीतून आहार हेच एकमेव कारण ठरवता येत नाही.

२००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वर्षे वयाच्या ४३ पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ आठवडे अल्प ग्लायसेमिक भाराचा आहार घेणाऱ्यांचे मुरूम तुलना गटापेक्षा अधिक कमी झाले. परंतु त्यांचे वजनही घटल्याने आहाराचा स्वतंत्र परिणाम वेगळा काढता आला नाही. दूध, विशेषतः साय काढलेले दूध, व मुरूम यांचा संबंध काही पाहण्यांत दिसला आहे. तथापि त्यांतील काही पाहण्या सहभागींच्या आठवणींवर आधारित होत्या.

समज व पथ्य

आंबा, शेंगदाणे अशा ‘उष्ण’ पदार्थांनी मुरूम येतात, असा समज महाराष्ट्रात रूढ आहे. आधुनिक वैद्यकाच्या कारणमीमांसेत ‘उष्णता’ ही संकल्पना येत नाही. गोड पेये, मिठाई व मैद्याचे पदार्थ कमी करून डाळी, कडधान्ये, भाज्या व अखंड धान्ये वाढवणे सर्वसाधारण आरोग्यासही हितावह असते. वाढत्या वयात दूध सरसकट बंद केल्यास प्रथिने व कॅल्शियम यांची उणीव भासू शकते.

उपचारांतील स्थान

आहार हा पूरक उपाय आहे. बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापलीन इत्यादी औषधांचा परिणाम दिसण्यास अनेक आठवडे लागतात. तीव्र मुरुमांत पथ्यावर विसंबून उपचार लांबवल्यास त्वचेवर कायमचे व्रण राहू शकतात; म्हणून वेळीच त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घेणे आवश्यक ठरते.