नापास रणगाड्यांची वंशावळ

बारामतीहून दौंड-काष्टीमार्गे या किंवा इंदापूरहून भिगवण-राशीनमार्गे, नगरचं (आता अहिल्यानगर) रणगाडा संग्रहालय चुकवण्यासारखं नाही. लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ मध्ये ते उघडलं. १९६५च्या युद्धातले पाकिस्तानी पॅटन, आपले सेंच्युरियन, शर्मन, विजयंता अशी नावाजलेली मंडळी तिथे उभी आहेत. पण प्रत्येक घराण्यात नाव न कमावलेलेही असतातच. चाचणीच्या मैदानापर्यंत आले आणि तिथूनच परत गेले, त्या रणगाड्यांचं काय झालं?

जगात यातल्या काहींचा माग लागतो. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस टी-२८ नावाचं ८६ टनांचं धूड बनवलं. दोनच नग झाले. एक भंगारात गेला, दुसरा विस्मरणात. १९७४ मध्ये हा दुसरा नग व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर छावणीच्या मागच्या रानात सापडला. जर्मनीच्या १८८ टनी 'माउस'चेही दोनच नमुने बनले. रशियनांनी एकाच्या सांगाड्यावर दुसऱ्याचा तोफेचा बुरूज चढवला. तो जोड-रणगाडा आज मॉस्कोजवळ कुबिंका इथे आहे.

आपल्याकडे नुसता सांगाडा शोधून भागत नाही, कारण आपले प्रयोग बहुधा एकमेकांच्या अंगाखांद्यावर वाढले. ब्रिटिश विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून चेन्नईजवळच्या आवडी इथल्या कारखान्यात विजयंता बनू लागला. त्याच्या लांबवलेल्या चॅसीवर १३० मिलिमीटरची रशियन तोफ बसली, ती 'कॅटापुल्ट'. त्याच चॅसीवर पुण्यात दिघीच्या संशोधन संस्थेने पूल चढवला, तो 'कार्तिक'. ही शाखा वाढली.

'अर्जुन' या देशी रणगाड्याची शाखा मात्र काटेरी. १९७४ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली. १२० मिलिमीटरची तोफ पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने घडवली, पण देशी इंजिन जमलं नाही आणि जर्मन एमटीयू इंजिन घ्यावं लागलं. लष्कराच्या हाती रणगाडा पडायला २००४ उजाडलं. वजन साठ टनांच्या घरात गेलं होतं. एवढं वजन नको, म्हणून संशोधकांनी अर्जुनाचा बुरूज रशियन टी-७२च्या सांगाड्यावर बसवला. हा 'टँक-एक्स'. टी-७२ बुटका, त्यात माणसं तीन, गोळा यंत्र भरतं. अर्जुनाच्या बुरुजात गोळा हाताने भरतात, म्हणून चौथा गडी लागतो. बुटक्या धडावर उंच, चौकोनी डोकं आलं. लष्कराने त्याला नाकारलं.

'भीम'चं दुखणं वेगळंच. अर्जुनाच्या चॅसीवर दक्षिण आफ्रिकेच्या डेनेल कंपनीची १५५ मिलिमीटरची तोफ बसली, पण लाचखोरीच्या आरोपांवरून २००५ मध्ये सरकारने डेनेलशी व्यवहार थांबवले आणि भीम जागच्या जागी थिजला. त्याचा दोष यंत्रात नव्हता.

पण गरज कुठे जाते? रणगाड्यासारखी स्वतः चालणारी तोफ हवीच होती. अखेर २०१७ मध्ये कोरियन आराखड्याच्या शंभर 'के-९ वज्र' तोफांचा करार झाला. हलक्या रणगाड्याचंही तेच. ऐंशीच्या दशकात बीएमपी या रशियन चिलखती गाडीच्या सांगाड्यावर फ्रेंच बुरूज बसवून प्रयोग झाले, पण ते पुढे सरकले नाहीत. २०२० मध्ये लडाखमध्ये चीनशी गाठ पडली आणि हलका रणगाडा पुन्हा आठवला. जुलै २०२४ मध्ये 'झोरावर'चा नमुना जगासमोर आला.

सोडून दिलेल्या प्रयोगाची गरज पुन्हा पडते, हे कारखान्यांनाही ठाऊक असतं. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेटांच्या मोटरची आवरणं घडतात. अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या माणसाला हे सांगायला नको: पहिला नग क्वचितच गिऱ्हाइकाकडे जातो, तो का बिघडला हे लिहून ठेवलं, तरच दुसरा नग सुधारतो. रणगाड्याचा पहिला नग काही कोटींचा आणि त्यामागे माणसांची दहा-वीस वर्षं. तो निमूट भंगारात घालणं परवडणारं नाही.

म्हणून सूचना एवढीच. टँक-एक्स असो, भीम असो की जुना हलका रणगाडा, प्रत्येक प्रयोगाचा एक नग लोकांना पाहता येईल असा जपावा. पाटीवर वजन आणि वेग तर लिहावाच. पण तो का नाकारला गेला, हे चार ओळींत आणि स्पष्ट मराठीत लिहावं. बारामती-इंदापूरकडून सहलीला येणाऱ्या, उद्या इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलांना जिंकलेल्या पॅटनइतकीच त्या पाटीची गरज आहे.