वजन उतरल्यानंतरची स्तनांची शस्त्रक्रिया : विचार करताना लागणारी माहिती



आरोग्य सदरासाठी विषय जरा अवघड निवडला आहे. पण मंडळाच्या हळदीकुंकवात आणि गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, हा प्रश्न हळू आवाजात विचारला जातो हे आम्हाला ठाऊक आहे. वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले, किलो उतरले, सगळ्यांनी कौतुक केले. आता छातीचे काय करायचे?

'आम्ही' म्हणजे नवरा-बायको. दोघेही पुण्याचे इंजिनिअर, दोघेही आयटीत, मुक्काम दुबई. आमच्यापैकी एकीचे दोन वर्षांपूर्वी पोटाचे स्लीव्ह ऑपरेशन झाले आणि वजन ९८ वरून ६४ किलोवर आले. आम्ही डॉक्टर नाही. खाली लिहिले आहे ते वाचून, तीन सर्जनना भेटून आणि स्वतःच्या चुकांतून गोळा केलेले आहे. निर्णय आपापल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आधी मूळ ऑपरेशनबद्दल थोडेसे. 'एवढी काही जाड नव्हती, मग कशाला केले?' असे आम्हाला अजून विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनच्या डॉ. युडकिन यांच्याबरोबर २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचे फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के. आपली शरीरे अशी असल्यामुळेच २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेचा विचार २७.५ बीएमआयपासून करता येईल असे म्हटले आहे. असो.

छातीचे नेमके काय होते

स्तनांत दूधग्रंथी असतात आणि बरीच चरबी असते. वजन उतरते तशी ती चरबीही जाते. त्वचा आणि आतले आधार देणारे तंतू मात्र ताणले गेलेले असतात, ते पूर्ववत होत नाहीत. श्रीखंडासाठी दही पंच्यात बांधून टांगतो ते आठवा. पाणी निथळून चक्का थोडासाच उरतो, पण पंचा तेवढाच लांब राहतो. वरचा भाग रिकामा, खालचा लोंबलेला आणि स्तनाग्र खाली वळलेले, असे दिसू लागते. व्यायामाने छातीचे स्नायू बळकट होतात, त्वचा आखडत नाही. क्रीम आणि तेलावर पैसे घालवू नयेत (आम्ही घातले).

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. इथल्या जुलै-ऑगस्टमध्ये स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, चट्टे उठतात, बुरशी होते, खाजवून रक्त निघते. आमच्यापैकी एकाला, म्हणजे नवऱ्याला, हे वर्षभर माहीतच नव्हते. 'वजन उतरले ना, मग आता हे फॅड कशाला?' असे तो बोलून गेला होता. ते वाक्य या लेखात त्यानेच टाकायला सांगितले आहे.

इम्प्लांट की लिफ्ट

आमचा सरळ हिशेब होता : आकार गेला, म्हणजे भरून काढायचा, म्हणजे इम्प्लांट. पहिल्या क्लिनिकमध्ये दहा मिनिटांत साइझचे नमुने टेबलावर आले आणि ॲडव्हान्स भरण्याची तारीखही ठरत आली. दुसऱ्या सर्जनने आधी टेप घेऊन मापे काढली आणि सांगितले, 'तुम्हाला भराव कमी आणि उचल जास्त हवी आहे.'

हा फरक समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. रेनो यांनी १९७६ साली केलेली वर्गवारी अजून वापरतात. सरळ उभे राहून स्तनाखालची घडी आणि स्तनाग्र यांची पातळी बघायची. स्तनाग्र घडीच्या वर असेल तर नुसत्या इम्प्लांटने भागू शकते. घडीच्या पातळीला किंवा खाली असेल तर बहुधा लिफ्ट लागते, म्हणजे जादा त्वचा काढून स्तन वर बसवणे. भरपूर वजन उतरलेल्या बहुतेक जणी या दुसऱ्या गटात असतात. तिथे नुसते इम्प्लांट घातले तर लांबलेल्या पंच्यात तीनशे ग्रॅमचा गोळा टाकल्यासारखे होते. काही महिने बरे दिसते, मग तोही खाली सरकतो.

लिफ्ट आणि इम्प्लांट एकत्रही करतात. पण लिफ्ट त्वचा आवळते आणि इम्प्लांट तीच त्वचा ताणते. दोन बले एकमेकांविरुद्ध लावल्यावर काय होते ते इंजिनिअरांना सांगायला नको. म्हणूनच एकत्र शस्त्रक्रियेत पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण जास्त असते आणि काही सर्जन दोन्हींत काही महिन्यांचे अंतर ठेवतात.

तिसरा मार्ग आम्हाला कुणी आपणहून सांगितला नव्हता. वजन उतरल्यावर काखेखाली, बरगडीच्या बाजूला मांसाची जी वळी उरते, ती रक्तपुरवठा कायम ठेवून स्तनात वळवता येते. भराव स्वतःचाच, इम्प्लांट नाही. आकार फार मोठा होत नाही आणि प्रत्येकीला ते जमेलच असे नाही. मांडी-पोटाची चरबी काढून स्तनात सोडण्याचाही उपाय आहे, पण त्यातला काही भाग शरीर शोषून घेते.

लिफ्टची किंमत म्हणजे व्रण. स्तनाग्राभोवती, तिथून खाली आणि बहुधा घडीतून आडवा, असा जहाजाच्या नांगरासारखा. गोऱ्या लोकांपेक्षा आपल्या त्वचेत व्रण जाड आणि उंच होण्याची शक्यता जास्त असते. कान टोचल्यावर गाठ आली होती का, हे सर्जनला जरूर सांगावे. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते.

इम्प्लांटचेच ठरले तर

इम्प्लांट आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही. पस्तिशीत घातले तर पुढे केव्हातरी काढण्या-बदलण्याचे ऑपरेशन येईल असे धरून चालावे. अमेरिकेच्या एफडीएने २०२१ साली इम्प्लांटवर सर्वांत कडक इशारा छापणे बंधनकारक केले. सिलिकॉन इम्प्लांट आत फाटले तर बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी, असा त्यांचा सल्ला आहे. हा खर्च ऑपरेशनच्या कोटेशनमध्ये नसतो.

कोणत्या कंपनीचे, कोणत्या पृष्ठभागाचे, हेही विचारावे. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन वापरल्याचे २०१० साली उघड झाले. ॲलर्गनची खरखरीत पृष्ठभागाची बायोसेल इम्प्लांट २०१९ साली जगभरातून परत मागवली गेली, कारण त्यांच्याशी एका दुर्मिळ लिम्फोमाचा संबंध दिसला होता. सीरियल नंबर असलेले कार्ड मिळते, ते पासपोर्टबरोबर ठेवावे. मॅमोग्राफीच्या वेळी इम्प्लांट असल्याचे सांगावे लागते, फोटो वेगळ्या पद्धतीने घेतात.

घाई नको

वजन साधारण वर्ष-दीड वर्ष उतरत राहते. ते थांबून निदान तीन ते सहा महिने एका जागी राहिल्याशिवाय चांगला सर्जन हात लावत नाही. मूल हवे असेल तर आधी ते, कारण गरोदरपणात सगळी मापे पुन्हा बदलतात आणि शस्त्रक्रियेनंतर अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते.

दुसरी गोष्ट रक्ताची. पोट लहान झाल्यावर प्रथिने, लोह, बी१२, डी कमी पडतात आणि जखम भरायला हेच लागते. आमची तारीख याच कारणाने पुढे गेली, फेरीटिन तळाला गेले होते. आपल्या शाकाहारी ताटात रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने बसवणे सोपे नाही. पनीर, दही, डाळी, सोयाबीन आणि शेवटी डब्यातली पावडर.

सिगारेट आणि शीशा (हो, शनिवार संध्याकाळचा शीशासुद्धा) निदान चार आठवडे आधी बंद. वजनाची इंजेक्शने चालू असतील तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगावे.

इथे की पुण्या-मुंबईत

दुबईत डीएचए आणि अबुधाबीत डिपार्टमेंट ऑफ हेल्थ यांच्या संकेतस्थळांवर डॉक्टरांचे लायसन्स तपासता येते. नावापुढे 'प्लास्टिक सर्जरी' हीच शाखा आहे ना, ते पाहावे. 'एस्थेटिक' शब्द कुणीही पाटीवर लावतो. कॉस्मेटिक ऑपरेशन विम्यात सहसा नसते, त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीचा खर्चही बऱ्याच पॉलिसी वगळतात. आमच्या पॉलिसीने चट्ट्यांच्या मलमाचे पैसे दिले, ऑपरेशनचे नाही. वर कॉस्मेटिक उपचारांवर ५ टक्के व्हॅट लागतो.

भारतात स्वस्त पडते, आई-सासूबाई हाताशी असतात. पण पुण्यात ऑपरेशन करून आठवड्यात परत आलात आणि टाक्यांतून पाणी यायला लागले तर इथे कुणाकडे जाणार, हे आधी ठरलेले हवे. नळ्या निघून पहिली तपासणी होईपर्यंत, म्हणजे निदान दोन आठवडे, तिथेच राहण्याच्या हिशेबाने रजा घ्यावी. परतताना गोळ्यांकडे लक्ष द्या. भारतात ऑपरेशननंतर सर्रास लिहून देतात ते ट्रॅमाडॉल, तसेच कोडीनही, यूएईत नियंत्रित औषधांत मोडतात. प्रिस्क्रिप्शन आणि आगाऊ ऑनलाइन परवानगी नसताना बॅगेत सापडले तर प्रकरण फार महागात पडते. डॉक्टरांकडून दुसरे वेदनाशामक मागून घ्यावे.

आमचे ठरले आहे : लिफ्ट, स्वतःच्याच मांसाचा भराव, इम्प्लांट नाही, आणि इथेच. पुढचे चार ते सहा आठवडे धाकट्याला कडेवर घेता येणार नाही, म्हणून आईला व्हिजिट व्हिसावर बोलावले आहे. तिला कारण सांगायला आम्ही तीन आठवडे लावले. तिने फोनवर एवढेच विचारले की डिंकाचे लाडू चालतील का. (सर्जनला विचारले. साखर कमी असेल तर चालतील.)

कुणाला प्रश्नांची यादी किंवा आमच्या तीन भेटींच्या नोंदी हव्या असतील तर मंडळाच्या महिला समितीकडे निरोप ठेवावा. उलट फोन बायकोच करेल.