ताट पोचते, घास पोचतो का? शालेय पोषण आणि दिव्यांग बालकांची निगा

शालेय पोषणाचा हिशेब ताटांच्या संख्येत मांडला जातो. किती विद्यार्थी हजर होते, किती ताटे वाढली गेली, किती धान्य लागले, याची नोंद रोजच्या रोज होते. ताटातले अन्न मुलाच्या पोटात किती गेले, यासाठी मात्र नोंदवहीत रकाना नसतो. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत या दोन गोष्टींत फारसे अंतर पडत नाही. ज्या मुलाला घास चावता येत नाही, गिळताना ठसका लागतो, हात तोंडापर्यंत नेता येत नाही किंवा ठरावीक स्पर्शाचे अन्न सहनच होत नाही, त्याच्या बाबतीत हे अंतर फार मोठे असते. विद्यार्थ्यांचे पोषण आणि दिव्यांगांची निगा हे सार्वजनिक आरोग्यात दोन स्वतंत्र विषय मानले जातात; त्यांच्या योजना, निधी व यंत्रणाही निरनिराळ्या आहेत. गेल्या काही वर्षांतील संशोधन मात्र या दोहोंचा घनिष्ठ संबंध दाखवते आणि त्या संशोधनात गोव्याचाही वाटा आहे.

माध्यान्ह आहाराचे निकष

प्राथमिक शिक्षणाला पोषणाची जोड देणारी राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी अनेक राज्यांत मुलांना कोरडे धान्यच दिले जाई. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी दिलेल्या आदेशाने चित्र बदलले. किमान ३०० उष्मांक (कॅलरी) आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले अन्न वर्षातून किमान २०० दिवस द्यावे, असे त्या आदेशात म्हटले होते. पुढे निकष वाढत गेले. आज प्राथमिक वर्गांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गांसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण ठरलेले आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ आणि त्याखालील २०१५ च्या नियमांनी या आहाराला कायदेशीर हक्काचे रूप दिले. २०२१ मध्ये योजनेचे ‘पीएम पोषण’ असे नामकरण झाले आणि बालवाटिकेतील मुलेही तिच्या कक्षेत आली.

गोव्यात हा आहार मुख्यत्वे महिला मंडळे व स्वयंसाहाय्य गट तयार करून शाळांना पुरवतात. पाव आणि पातळ भाजी, उसळ, पुलाव हे पदार्थ येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहेत.

हे निकष सरासरी मुलाच्या गरजेवर बेतलेले आहेत. सर्वांना पुरेल अशी योजना आखताना ते अपरिहार्यही आहे. परंतु सेरेब्रल पाल्सी असलेल्या ज्या मुलाच्या अंगाला सतत अनैच्छिक हालचाली होतात, त्याची ऊर्जेची गरज वाढलेली असू शकते. चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या मुलाला त्यापेक्षा कमी उष्मांक पुरतात. डाऊन सिंड्रोम किंवा स्नायूंचे काही आजार असलेल्या मुलांमध्ये वजन वाढण्याचीच भीती असते. तेव्हा ‘दिव्यांग म्हणजे कृश’ असे सरसकट समीकरणही मांडता येत नाही.

दोन्ही दिशांनी चालणारे नाते

कुपोषणातून अपंगत्व येऊ शकते आणि अपंगत्वातून कुपोषण. पहिली दिशा वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गरोदरपणात आयोडीनची तीव्र कमतरता असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते व श्रवणशक्तीवरही परिणाम होतो. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावाने दृष्टी जाऊ शकते. गर्भधारणेच्या सुमारास फोलिक ॲसिड कमी पडल्यास मज्जारज्जूच्या जन्मजात दोषांचा धोका वाढतो. बालवयातील रक्तक्षयाचा परिणाम एकाग्रतेवर व शिकण्यावर होतो. आयोडीनयुक्त मीठ, ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस, लोह व फोलिक ॲसिडच्या साप्ताहिक गोळ्या या साऱ्या उपाययोजना म्हणूनच पोषणाच्या तितक्याच अपंगत्व टाळण्याच्याही आहेत.

दुसऱ्या दिशेकडे तुलनेने कमी लक्ष गेले. युनिसेफने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात सुमारे २४ कोटी दिव्यांग बालके आहेत. इतर मुलांच्या तुलनेत त्यांची वाढ खुंटलेली असण्याची शक्यता ३४ टक्क्यांनी आणि उंचीच्या मानाने वजन कमी असण्याची शक्यता २५ टक्क्यांनी अधिक आढळली. अन्नाची टंचाई हे यामागचे एकमेव कारण नाही. चघळण्यातील व गिळण्यातील अडचणी, बद्धकोष्ठता, वारंवार होणारा छातीचा संसर्ग, औषधांचे परिणाम, भरवायला लागणारा वेळ आणि काही घरांत अशा मुलाकडे होणारे दुर्लक्ष, अशी कारणे एकात एक गुंतलेली असतात. फेफऱ्यावरील काही औषधे शरीरातील ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण घटवतात. त्यात मूल सदैव घरात राहिले व उन्हात गेले नाही, तर हाडे अधिकच ठिसूळ होतात.

गोव्याचे आकडे काय सांगतात

तुलनेने संपन्न व साक्षर राज्य म्हणून गोव्यात कुपोषणाचा प्रश्न गौण असेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने तिला छेद दिला. त्यानुसार गोव्यातील ५ वर्षांखालील २५.८ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती. आधीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण २०.१ टक्के होते. ६ ते ५९ महिने वयोगटात रक्तक्षयाचे प्रमाण ४८.३ वरून ५३.२ टक्क्यांवर गेले. तेव्हाची यातली कित्येक मुले आज शाळेच्या बाकांवर बसलेली आहेत. हे सर्वेक्षण ५ वर्षांखालील मुलांची उंची-वजने घेते आणि त्यानंतर थेट १५ वर्षांवरील व्यक्तींकडे वळते. मधला शालेय वयोगट त्यातून निसटतो. २०१६-१८ मधील राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणाने ही उणीव काही अंशी भरून काढली. देशातील ५ ते ९ वयोगटात २२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आणि २३ टक्के मुले कृश असल्याचे त्यात दिसले.

२०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. बालकांच्या बाबतीत घरोघरी विचारून मिळणारा आकडा अपुरा असतो. कारण सौम्य श्रवणदोष, अध्ययन अक्षमता किंवा स्वमग्नता पालकांच्याही लक्षात उशिरा येते. या दृष्टीने २०१८ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या ५ ठिकाणी २ ते ९ वयोगटातील ३,९६४ बालकांची त्यात तपासणी झाली. दृष्टी, श्रवण, वाचा, हालचाल, बुद्धी, वर्तन व अध्ययन यांच्याशी निगडित ९ प्रकारच्या मज्जाविकासात्मक समस्या पाहिल्या गेल्या. ६ ते ९ वयोगटात त्यांचे प्रमाण निरनिराळ्या ठिकाणी ६.५ ते १८.५ टक्के इतके आढळले. बाधित मुलांपैकी जवळजवळ एकपंचमांश मुलांना एकाहून अधिक समस्या होत्या. धोका वाढवणाऱ्या घटकांत जन्मतः कमी वजन, जन्मावेळी गुदमरणे व मेंदूचा संसर्ग यांच्या जोडीने खुंटलेली वाढही होती. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव निर्विवाद सिद्ध होत नाही. पण खुजे राहिलेले मूल आणि विकासात मागे पडलेले मूल अनेकदा एकच असते, हे त्यातून स्पष्ट होते.

परिचित ताटातले अडथळे

पाव आणि पातळ भाजी हे साधे उदाहरण घेऊ. सुदृढ मुलासाठी ही सोपी न्याहारी आहे. गिळण्याची क्रिया बिघडलेल्या मुलासाठी हीच जोडी अवघड ठरते. कोरडा पाव तोंडात गोळा होऊन टाळूला चिकटतो किंवा त्याचे तुकडे घशात अडकतात. पातळ रस्सा इतक्या वेगाने मागे जातो की श्वासनलिका वेळेत बंद होत नाही. पेजेचेही तसेच आहे. निवळ आणि शिते तोंडात वेगवेगळी होतात, एकाच घासात द्रव आणि घन सांभाळावे लागतात. शिवाय पातळ पेजेने पोट भरते, पण ऊर्जा थोडीच मिळते. तीच पेज घोटून एकजीव व दाट केली, तीत थोडे तूप किंवा डाळीचे वरण मिसळले, तर ती गिळायला सुरक्षित आणि अधिक पोषक होते. पाव रश्श्यात पूर्ण भिजवून कुस्करणे, उसळ ठेचून देणे, नाचणीचे सत्त्व दाटसर शिजवणे यांसाठी वेगळ्या स्वयंपाकघराची गरज नाही. एक रवी किंवा पुरणयंत्र पुरते. मात्र कोणत्या मुलाला किती दाट अन्न मानवते, हे वाचा व गिळण्याच्या विकारांच्या तज्ज्ञाने पाहून ठरवावे.

स्वमग्न मुलाची अडचण निराळी असते. रंग, वास, स्पर्श किंवा दोन पदार्थांचे एकमेकांना लागणे त्याला असह्य होऊ शकते. त्याला हट्टी ठरवून बळजबरीने भरवल्यास तो अन्न अधिकच टाळू लागतो. ओळखीच्या पदार्थाशेजारी नवा पदार्थ अगदी थोडा, खाण्याची सक्ती न करता, वारंवार ठेवणे अधिक उपयोगी पडते.

भरवण्याच्या पद्धतीलाही महत्त्व आहे. मुलाला ताठ बसवावे, पायांना आधार द्यावा, मान किंचित पुढे झुकलेली असावी. घास लहान असावा आणि आधीचा घास गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा द्यावा. जेवणानंतर सुमारे अर्धा तास मुलाला आडवे करू नये. जेवताना वारंवार ठसका लागणे, आवाज ओलसर येणे, छातीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणे किंवा प्रत्येक जेवणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागणे, ही डॉक्टरांकडे नेण्याची लक्षणे आहेत. शाळेची मधली सुट्टी संपली म्हणून अशा मुलापुढचे ताट उचलले गेले, तर नोंदवहीत तो जेवलेलाच असतो.

तपासणी आणि सेवा यांतील साखळी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथे झाला. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा चार गटांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी या कार्यक्रमात अपेक्षित आहे. फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे असतात. म्हणजे पोषणातील कमतरता आणि विकासातील विलंब यांची नोंद घेणारे पथक एकच असते. दुवा निखळतो तो त्यानंतर. तपासणीत आढळलेली गिळण्याची अडचण अन्न शिजवणाऱ्या गटाला किंवा वर्गशिक्षकाला कळत नाही.

मोजमापातही अडचणी आहेत. उभे राहू न शकणाऱ्या किंवा पाठीला बाक असलेल्या मुलाची उंची नेहमीच्या पट्टीने घेता येत नाही. अनेकदा ती घेतलीच जात नाही आणि वाढीच्या तक्त्यातून ते मूल गळून पडते. गुडघ्यापासून टाचेपर्यंतची किंवा हाताच्या हाडाची लांबी मोजून उंचीचा अंदाज बांधता येतो. दंडाचा घेरही उपयोगी पडतो. ही मापे घ्यायला साधी फीत पुरते, प्रशिक्षण मात्र हवे.

तज्ज्ञांची संख्या कमी, हे कारण नेहमी पुढे केले जाते. त्याला एक उत्तर गोव्यातूनच मिळाले आहे. ‘संगत’ या १९९६ पासून कार्यरत असलेल्या गोव्यातील संस्थेच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण व देखरेख लाभलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधण्याची रीत शिकवली. पालकांचा प्रतिसाद आणि मुलांनी आपणहून साधलेला संवाद या दोहोंत सुधारणा दिसली. ही चाचणी आहाराची नव्हती. तरी योग्य शिकवण मिळाल्यास निगेचे कौशल्य दवाखान्याबाहेर नेता येते, हे तिने दाखवले. भरवण्याच्या कौशल्यालाही हाच मार्ग आजमावून पाहण्याजोगा आहे.

हक्क आणि त्यातील फटी

१९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ ने अपंगत्वाचे ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले. निर्धारित प्रमाणात अपंगत्व असलेल्या बालकाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद आहे.

माध्यान्ह आहाराचा हक्क मात्र आठवीपर्यंतच आहे. शिवाय तो शाळेतील उपस्थितीशी बांधलेला असून आहार शाळेतच द्यावा असा नियम आहे. तीव्र अपंगत्वामुळे घरी राहून शिक्षण घेणारे मूल पटावर असते, पण ताटाच्या हिशेबात येत नाही. ज्याला पोषणाची निकड सर्वाधिक, तेच योजनेबाहेर राहते. कोविडकाळात शाळा बंद असताना विद्यार्थ्यांच्या कुटुंबांपर्यंत धान्य व खर्चाची रक्कम पोचवली गेली होती. इच्छा असल्यास वाट निघते, याचा तो अनुभव आहे.

मोठ्या निधीची वाट न पाहता शाळांना बरेच काही करता येईल. आरोग्य पथकाने नोंदवलेल्या आहारविषयक सूचना स्वयंसाहाय्य गटापर्यंत लेखी पोचवाव्यात. ज्या मुलांना वेळ लागतो त्यांना सुट्टीआधी जेवायला बसवावे. मदतनीस, विशेष शिक्षक व पालक यांना वर्षातून एकदा भरवण्याचे प्रात्यक्षिक द्यावे. आणि नोंदवहीत ‘किती ताटे वाढली’ याच्या शेजारी, निदान या मोजक्या मुलांपुरता तरी, ‘किती खाल्ले’ असा एक रकाना आखावा. पूर्ण, अर्धे की काहीच नाही, एवढी नोंद पुरे. महिनाभराच्या त्या नोंदींतून कोणत्या मुलापर्यंत घास पोचलेला नाही, हे शिक्षकाला, पालकाला आणि आरोग्य पथकाला एकाच वेळी दिसेल.