परवचा ते लातूर पॅटर्न : उजळणीची गोष्ट



दहावी-बारावीची परीक्षा जवळ आली की गावात एकच बोलणं सुरू होतं. कुणाचं लेकरू लातूरला क्लासला आहे, कुणाचं नांदेडला. ज्या माउलीला ते परवडलं नाही, तिच्या मनाला रुखरुख लागते की आपली लेक आता मागं पडणार. मुलगी नापास झाली तर तिचं शिक्षण थांबवून लग्नाचं बघायला लागतात, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून आज मी तुम्हाला अभ्यासातल्या एकाच गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. ती गोष्ट म्हणजे उजळणी. क्लासात पैसे भरून जे मिळतं, त्यातलं किती आपल्या घरी होऊ शकतं, ते ऐकून तुम्हीच ठरवा.

उजळणी हा शब्दच बघा. तांब्याचा हंडा चिंच लावून घासला की उजळतो. चार दिवस हात लावला नाही की पुन्हा काळवंडतो. शिकलेल्या धड्याचंही तसंच असतं. आपली जुनी माणसं तर पाढ्यांनाच उजळणी म्हणायची.

पूर्वी गावात पंतोजींची शाळा असायची. देवळाच्या ओवरीत नाहीतर एखाद्या वाड्याच्या ओसरीवर ती भरायची. वही नाही, छापील पुस्तक नाही. लाकडी फळीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर गिरवायचं, त्या फळीला धुळपाटी म्हणत. धूळ सारखी केली की लिहिलेलं पुसलं जाई, म्हणून शिकलेलं सगळं डोक्यातच ठेवावं लागे. पाढे नुसते तीसपर्यंत नव्हते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेही पाढे होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. बाजारात पावशेर, सव्वाशेराचा हिशेब बोटावर करायला ते उपयोगी पडत.

दिवेलागणीला मुलं हात-पाय धुऊन बसत आणि सगळे पाढे मोठ्याने म्हणत. याला परवचा म्हणत. एकाने पुढं सांगायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पुढं ते घराघरात आलं. स्वयंपाक करता करता आजी ऐकायची आणि चुकलं की चुलीजवळूनच हटकायची. परवच्यात तीन गोष्टी होत्या. न बघता आठवून म्हणणं, रोज म्हणणं, आणि ऐकायला कुणीतरी असणं.

त्या शाळेचे दोषही होते. छडी होती. अर्थ न कळता पाठांतर व्हायचं. आणि तिथं बसायला मिळायचं ते ठरावीक घरांतल्या मुलांना. मुलींना आणि दलितांच्या लेकरांना त्या ओसरीवर जागा नव्हती.

पण ज्या बायांना शाळेने बाहेर ठेवलं, त्या काय विसरभोळ्या होत्या? जात्यावर बसून त्यांनी ओव्या जपल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून बायांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्यांनी त्या सांगितल्या, त्यांतल्या बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पहाटे दळताना म्हणायची, सासरी म्हणायची, शेजारणीकडून नवी ऐकली की तीही त्यात घालायची. हीसुद्धा उजळणीच.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. नांदेड काय, लातूर काय, हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचंही शिक्षण उर्दूतून. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला पुढं शिकायचं तर इतिहास, गणित, शास्त्र परक्या भाषेत शिकावं लागे. समजण्याआधीच पाठ करायची वेळ येई. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झालं. तीन वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेत, देशातल्या शंभर बायांमागे नऊसुद्धा साक्षर नव्हत्या. आपल्या आज्या-पणज्या त्याच काळातल्या.

मग कॉलेजं उभी राहिली. नांदेडला १९५० साली पीपल्स कॉलेज, लातूरला १९६१ साली दयानंद, १९७० साली राजर्षी शाहू महाविद्यालय. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच.

बोर्डाची गुणवत्ता यादी म्हणजे पुण्या-मुंबईची मक्तेदारी, असं तेव्हा लोक धरून चालत. १९९० च्या दशकात त्या यादीत लातूरची नावं वर्षामागून वर्ष झळकायला लागली आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गेला. लोकांना वाटलं, काहीतरी गुपित असणार. खरं तर त्यात जादू नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा. मग उरलेल्या महिन्यांत परीक्षेमागून परीक्षा घ्यायची. पेपर तपासून मुलाच्या हातात द्यायचा, कुठं चुकलं ते दाखवायचं आणि पुन्हा लिहून घ्यायचं. न बघता आठवणं, वरचेवर आठवणं, आणि चूक दाखवणारं कुणीतरी. परवच्यातल्याच तीन गोष्टी, फक्त आता तोंडाऐवजी कागदावर.

पॅटर्नवर टीकाही झाली. ही घोकंपट्टी आहे, हुशार मुलांच्या वेगळ्या तुकड्या काढून बाकीच्यांकडे दुर्लक्ष होतं, असं लोक म्हणाले. पुढं बोर्डाने गुणवत्ता यादी लावणं बंद केलं. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी 'नीट' आली आणि लातूर-नांदेडला क्लासची मोठी बाजारपेठ झाली. आज गावातून एसटीने डबे जातात, खोलीभाडं जातं, फी जाते. शेत गहाण टाकून लेकराला ठेवणारेही आहेत. चांगला शिक्षक अवघड गोष्ट समजावून देतो, त्याचं मोल आहेच. पण समजलेलं टिकवायचं काम शेवटी लेकरालाच करावं लागतं, मग ते क्लासात बसून करो की घरी.

आणि ते कसं टिकतं, हे शास्त्रानेही तपासलं आहे. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस याने अर्थ नसलेले शब्द पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पहिल्या दिवसातच पाठ केलेलं बरंचसं निसटतं, पण दिवसांचं अंतर ठेवून पुन्हा पाठ केलं तर कमी मेहनतीत टिकतं, असं त्याला दिसलं.

अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या मुलांवर प्रयोग केला. काहींनी एक उतारा चार पाळ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एका पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्याने विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना शंभरातले ४० भाग आठवले आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं लक्षात राहणार अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. लेक रात्रभर पुस्तक समोर धरून बसते, सगळं ओळखीचं वाटतं, आणि पेपरात हात थांबतो, त्याचं कारण हे आहे.

तेव्हा घरी काय करायचं? धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला सांगा आणि लेकीला तो तुम्हाला तुमच्या भाषेत सांगू द्या. तुम्हाला वाचता येत नसलं तरी चालतं. भाकरी थापता थापता नुसतं विचारा, "मग पुढं काय झालं? असं का होतं?" जिथं ती अडखळेल तिथं पुस्तक उघडायचं. तोच धडा दोन-तीन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने, मग महिन्याने. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायची, पुस्तक समोर ठेवून तपासायची, आणि चुका एका वेगळ्या वहीत उतरवायच्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती वही पुरते. झोप मात्र मोडायची नाही. अख्खी रात्र जागून केलेला अभ्यास सकाळी साथ देत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याच हातात आहे. मुलगा अभ्यासाला बसला की त्याला पाणीसुद्धा हातात नेऊन देतो, आणि मुलीला उजळणीतून उठवून भांड्याला लावतो. दिवेलागणीची वेळ पूर्वी परवच्याची होती. आता ती मुलींच्या कामाची झाली आहे.

पुढच्या बैठकीत बचतगटाचे हप्ते जमा झाले की एवढा एक विषय जास्तीचा घ्या. आपल्या गावात दहावी-बारावीच्या मुली किती आहेत? शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात रोज संध्याकाळी तासभर त्यांना एकत्र बसवता येईल का? एकीने सांगायचं, दुसरीने ऐकायचं. गटातल्या दोघीदोघींनी पाळीने सोबत बसायचं. आणि त्या तासाला कुठल्या घरातलं काम कोण उचलणार, तेही तिथंच ठरवा.