हाताने ढकलण्याचे हिरवळ-कापणी यंत्र

हाताने ढकलण्याचे हिरवळ-कापणी यंत्र (लॉनमोवर) हे हिरवळीचे गवत समान उंचीवर कापणारे, इंजिनाविना चालणारे यंत्र होय. यंत्र ढकलताच चाकांच्या गतीने पात्यांचा दंडगोल फिरतो आणि त्याखालच्या स्थिर पात्याशी गवत कात्रीप्रमाणे कातरले जाते.

इंग्लंडमधील स्ट्राउड येथील एडविन बडिंग याने १८३० मध्ये या यंत्राचे एकस्व घेतले. लोकरी कापडावरील लव कातरणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली. त्याचे यंत्र बिडाचे व इतके जड होते की, एकाने मागून ढकलताना दुसऱ्याला पुढून ओढता यावे म्हणून पुढेही मूठ बसवलेली असे. मोठ्या बागांसाठी पुढे घोड्याने ओढण्याची यंत्रे आली. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून घोड्यांना चामडी बूट घालत. कमी वजनाची यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रचारात आली.

निवडताना केवळ वजन पाहणे फसवे ठरते. बोथट पात्यांचे हलके यंत्र धारदार पात्यांच्या जड यंत्रापेक्षा अधिक दमवते. कापणीची रुंदी वाढली की जोरही अधिक लागतो. लहान अंगणास सुमारे ३० सेंटिमीटर रुंदी पुरते. मुठीची उंची वापरणाऱ्याच्या कमरेनुसार बदलता यावी, वृद्धांसाठी तर अवश्य. मात्र उंच वाढलेल्या किंवा ओल्या गवतात हलक्या यंत्राची चाके घसरतात आणि पाती थांबतात. तेथे आधी विळ्याने गवत उतरवून घेणेच सोयीचे.

विजेची तारजोड असलेली यंत्रेही हलकी असतात. परंतु तार पात्याखाली येण्याचा धोका राहतो.