नीतिमूल्ये धर्मातून येतात का? सतीबंदीचा वाद (१८१८–१८३२)

धर्म माणसाला नीती शिकवतो, असे आपण सहज म्हणतो. पण एकाच धर्माचे ग्रंथ समोर ठेवून दोन माणसे परस्परविरुद्ध निष्कर्ष काढत असतील, तर नीती नेमकी कुठून येते? बंगालमधील सतीच्या वादात हा प्रश्न स्त्रियांच्या जिवाशी जोडलेला होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८१३ मध्ये पंडितांच्या मतांच्या आधारे, शास्त्राला धरून आणि स्त्रीच्या इच्छेने होणारी सती चालू दिली. म्हणजे निवाडा शास्त्रावर सोपवला. राजा राममोहन रॉय यांनी १८१८ मध्ये बंगालीत एक पुस्तिका लिहिली. तिच्यात सतीचा पुरस्कर्ता आणि विरोधक यांचा संवाद आहे. पुरस्कर्ता अंगिरसादी स्मृतिकारांची वचने पुढे करतो. विरोधक उत्तर देतो, की मनुस्मृती विधवेला संयमाने जगायला सांगते. शिवाय स्वर्गाच्या आशेने केलेले कर्म गीता कनिष्ठ मानते.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. दोघेही शास्त्रप्रामाण्य मानतात. मतभेद आहे तो कोणते वचन श्रेष्ठ धरायचे याबद्दल. ही निवड केवळ ग्रंथ वाचून होत नाही. १८१९ च्या दुसऱ्या पुस्तिकेत राममोहन उघडच विचारतात, की स्त्रियांना शिकवलेच नाही तर त्यांना अल्पबुद्धी कसे ठरवता? घरात राबणाऱ्या, अपमान सोसणाऱ्या स्त्रीबद्दल त्यांच्या मनात असलेली करुणा त्यांच्या शास्त्रार्थामागे उभी आहे.

४ डिसेंबर १८२९ रोजी गव्हर्नर जनरल विल्यम बेंटिंक यांनी सतीबंदीचा कायदा केला. कलकत्त्यातील सनातनी मंडळींनी १८३० मध्ये धर्मसभा स्थापून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागितली. ती १८३२ मध्ये फेटाळली गेली.

यावरून धर्म आणि नीती यांचा संबंधच नाही, असे मात्र समजू नका. राममोहन ईश्वरनिष्ठ होते. १८२८ मध्ये त्यांनी ब्राह्मो सभा स्थापन केली होती. धर्मसभेचे सदस्यही स्वतःला नीतिमानच मानत. धर्माने दोघांना भाषा दिली. पण कोणाचे दुःख मोजायचे, हे त्यांनी स्वतः ठरवले.

विचार करा : पंडित, सुधारक आणि सरकार यांच्या या वादात त्या विधवेला स्वतः बोलण्याची संधी किती मिळाली?